विमानतळाजवळचा मुक्काम

प्रवासी ज्या वाटेने नगरात प्रवेश करतो त्या वाटेच्या तोंडाशीच त्याच्या निवाऱ्याची सोय उभी राहते, हा नियम फार जुना आहे. वेशीचे दरवाजे सूर्यास्ताबरोबर बंद होत त्या काळी उशिरा पोहोचलेल्या मुसाफिराने रात्र कोठे काढावी, या विवंचनेतून वेशीबाहेर सराया आणि धर्मशाळा निघाल्या. पुढे मुंबईची वेस म्हणजे तिचे बंदर झाले, तेव्हा बोटीने येणाऱ्या उतारूंसाठी प्रथम वॉटसनचे लोखंडी सांगाड्याचे हॉटेल व नंतर, १९०३ साली, अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उभे राहिले. आगगाडी आली तेव्हा स्टेशनांवर विश्रामकक्ष झाले आणि स्टेशनासमोरच्या गल्ल्यांतून लॉजांच्या पाट्या लागल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापासून नगराची वेस विमानतळाकडे सरकली आणि तिच्यामागोमाग पांथस्थांचा निवाराही तिकडे गेला. अंधेरीच्या पूर्वेस, सहारच्या विमानतळापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका मध्यम दर्जाच्या साखळी-हॉटेलात कामानिमित्त आठवडाभर राहण्याचा योग मला आला. त्या मुक्कामात जे निरखता आले त्याच्या आधाराने या संस्थेचा इतिहास, तिची घडण आणि तिचा अंतःस्थ कारभार वाचकांपुढे ठेवावा, असा या प्रकरणाचा हेतू आहे.

विमानतळालगतच्या हॉटेलांचा आरंभ मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड याच्या नावावर मांडावा लागतो. अमेरिकेतील डिअरबॉर्न गावी स्वतःच्या विमानतळासमोर त्याने १९३१ साली डिअरबॉर्न इन नावाचे हॉटेल बांधले. पुढे तो विमानतळ बंद पडला, परंतु हॉटेल टिकून राहिले. १९५९ साली हिल्टन कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर आपले हॉटेल उघडले, आणि १९६७ साली पॉल द्युब्रुल व जेरार पेलिसों या दोन फ्रेंच उद्योजकांनी लील शहराच्या विमानतळाजवळ नोवोटेल या साखळीचे पहिले हॉटेल काढले. मुंबईपुरते पाहावयाचे तर जुहूचे विमानक्षेत्र १९२८ चे असून १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचे विमान घेऊन तेथेच उतरले. सांताक्रूझचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत वाढला, आणि सहारचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल १९८१ मध्ये सुरू झाले. या परिसरात सेंटॉर हे वर्तुळाकृती हॉटेल काढले ते एअर इंडियाच्या छत्राखाली १९७१ साली स्थापन झालेल्या हॉटेल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने. १९८६ साली कॅप्टन कृष्णन नायर यांचे लीला हॉटेल सहारला आले. आणि त्यानंतर मध्यम दर्जाच्या साखळी-हॉटेलांची रीघ लागली. सहार, मरोळ, चकाला ही साष्टीतील ईस्ट इंडियन समाजाची जुनी गावठाणे. त्यांतील क्रूस आणि कौलारू घरे आजही या उंच काचेच्या इमारतींच्या मागल्या अंगाला, अरुंद गल्ल्यांतून, आपले अस्तित्व राखून आहेत.

तथापि विमानतळाशेजारी असणे हे अशा हॉटेलाचे अर्धेच लक्षण होय. मध्यम दर्जा आणि साखळी ही त्याची उरलेली दोन लक्षणे समजल्यावाचून त्याचे मर्म कळणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रवाशापुढे दोनच पर्याय असत: धनिकांसाठी असलेला राजेशाही थाट, किंवा सामान्यांच्या वाट्याला येणारी, स्वच्छतेची काहीच शाश्वती नसलेली खोली. या दोहोंमधली जागा प्रथम अमेरिकन हॉटेल-व्यावसायिक एल्सवर्थ स्टॅटलर याने हेरली. १९०८ साली बफेलो शहरात त्याने जे हॉटेल काढले त्यात प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्नानगृह होते, दाराजवळच दिव्याचे बटण होते, आणि भाडे दीड डॉलरपासून सुरू होत होते. एवढ्या अल्प भाड्यात ही सोय त्याला परवडली याचे कारण त्याच्या रचनाचातुर्यात आहे: शेजारच्या दोन खोल्यांची स्नानगृहे पाठीला पाठ लावून बांधावयाची आणि त्यांचे सर्व नळ एकाच उभ्या पोकळीतून खालपासून वरपर्यंत न्यावयाचे, ही युक्ती त्याने योजिली. आज कोणत्याही हॉटेलच्या मजल्यावर खोल्यांची दारे जोडीजोडीने दिसतात, त्याच्या मुळाशी बहुधा हीच किफायत असते.

साखळीची कल्पना मात्र एका वैतागातून दृढ झाली. मेम्फिसचे गृहबांधणी-व्यावसायिक केमन्स विल्सन १९५१ साली पत्नी व पाच मुलांसह मोटारीने वॉशिंग्टनच्या सहलीस निघाले. वाटेवरच्या मुक्कामांत कोठे अस्वच्छता, कोठे मुलांमागे माणशी दोन डॉलरांची जादा आकारणी, आणि पुढल्या गावी काय वाढून ठेवले असेल याचा कोणताच अदमास नाही, या अनुभवाने त्रस्त होऊन परतल्यावर त्यांनी १९५२ साली मेम्फिसमध्ये पहिले हॉलिडे इन उघडले. आईबापांबरोबरच्या मुलांना तेथे निराळे भाडे नसे. या नावाच्या कोणत्याही शाखेत गेले तरी खोलीची स्वच्छता, पलंग, टेलिफोन यांत तफावत पडणार नाही, हे अभिवचन त्या साखळीचे खरे भांडवल ठरले, आणि १९६५ साली तिने संगणकावर चालणारी आरक्षण-पद्धती सुरू केल्यावर एका शाखेत बसून दुसऱ्या शाखेतील खोलीची तजवीज करणे प्रवाशाला शक्य झाले.

तिसरी पायरी १९८३ सालची. मॅरियट कंपनीने कामानिमित्त फिरणाऱ्या मध्यम उत्पन्नाच्या प्रवाशांसाठी कोर्टयार्ड ही नवी साखळी काढण्यापूर्वी त्या प्रवाशांनाच बारकाईने विचारले, की ठराविक भाड्यात तुम्हांला काय हवे आणि काय नसले तरी चालेल. खोलीचा आकार, पोहण्याचा तलाव, उपाहारगृहाची भव्यता, सामान उचलणारा नोकर अशा सुमारे पन्नास बाबींच्या निरनिराळ्या जुळण्या त्यांच्यापुढे ठेवून त्यांच्या पसंतीचा गणिती छडा लावण्यात आला. त्यातून निघालेले अनुमान असे, की प्रवाशाला दिमाखदार दिवाणखान्यापेक्षा शांत खोली, चांगला पलंग आणि काम करण्यापुरते मेज अधिक मोलाचे वाटते. आज सहारच्या मध्यम दर्जाच्या हॉटेलात प्रवेशद्वाराशी झुंबरे नसतात, परंतु मेजाजवळ विजेची पुरेशी छिद्रे आणि पलंगाशी वाचनाचा दिवा हमखास असतो, ही त्या शोधाचीच परिणती आहे.

एका रात्रीच्या पाहुण्याला हॉटेलची खोली तेवढी दिसते. आठवडाभर राहणाऱ्याला तीच कृती रोज त्याच वेळी घडताना दिसते आणि तिच्यामागील व्यवस्था उमगू लागते. प्रथम नजरेत भरते ती इमारतीची ठेवण. ही हॉटेले मुंबईच्या मानाने बुटकी व पसरट असतात, कारण मोठ्या धावपट्टीभोवती सुमारे चार किलोमीटर त्रिज्येच्या क्षेत्रावर आंतरराष्ट्रीय मानकांनी ४५ मीटर उंचीचे एक काल्पनिक छत धरलेले आहे, आणि विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला मिळाल्यावाचून येथे मजला चढविता येत नाही. दुसरी गोष्ट खिडकीची. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होतो, आणि तरीही दिवसाला नऊशेच्या आसपास उड्डाणे व अवतरणे होत असल्याने सरासरी दीड-दोन मिनिटाला एक विमान या परिसरावरून गर्जत जाते. खोलीत मात्र त्याची अस्पष्ट घरघर तेवढी पोहोचते. निरनिराळ्या जाडीच्या दोन काचा, त्यांच्यामध्ये हवेची पोकळी, आणि चौकटीच्या कडेला रबराची घट्ट पट्टी, असा तो बंदोबस्त असतो. ध्वनीच्या मोजमापात दहा डेसिबलांचा फरक कानाला सुमारे दुपटीचा वाटतो, हे ध्यानात घेतले म्हणजे तीस डेसिबल अडविणारी खिडकी आवाज एक-अष्टमांशावर आणते, असा हिशेब निघतो. अशी खिडकी उघडता येत नाही, हे तिचे मोल. आठवड्याच्या मुक्कामात मोकळ्या हवेची ओढ लागते ती याच कारणाने.

या हॉटेलाचा दिवस-रात्रीचा क्रमही जगावेगळा आहे. युरोपातून सकाळी निघालेले विमान रात्री उशिरा मुंबईस पोहोचते, थोड्या अवधीत सफाई व इंधनभरणी उरकून मध्यरात्रीनंतर परत फिरते आणि भल्या सकाळी युरोपात उतरते, म्हणजे तेथून पुढे जाणाऱ्या प्रवाशांना सकाळची विमाने गाठता येतात. त्यातच फ्रँकफुर्टसारख्या विमानतळावर रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात नियमित विमानांना मज्जाव आहे. युरोपच्या झोपेची किंमत अशा रीतीने मुंबईची रात्र चुकविते, आणि सहारच्या हॉटेलांना उजाडते ते मध्यरात्रीनंतर. पहाटे तीनच्या सुमारास स्वागतकक्षात गणवेशातील वैमानिक आणि हवाई सेविका चाकांच्या पेट्या ओढीत रांगेने बाहेर पडत असतात, समोरून दुसऱ्या कंपनीचा चमू थकून आत येत असतो, आणि एखाद्या कुटुंबाला न्याहारीचे बांधलेले डबे दिले जात असतात. याच गर्दीच्या वेळी मेजामागे नाइट ऑडिट चाललेले असते: प्रत्येक पाहुण्याच्या खाती त्या दिवसाचे भाडे व कर चढवावयाचे, उपाहारगृहाची बिले ताडून पाहावयाची, रोजमेळ जमवावयाचा आणि मगच संगणकातली तारीख पुढे ढकलावयाची. पहाटे दोनला उतरणाऱ्या प्रवाशाने हे नीट लक्षात ठेवावे. त्याच्या दृष्टीने नवा दिवस लागलेला असला तरी हॉटेलच्या वहीत त्याची खोली आदल्या तारखेपासून घेतलेली असावी लागते. नाहीतर दुपारी दोनपर्यंत स्वागतकक्षातील कोचावर बसून राहण्याची पाळी त्याच्यावर येते.

आता खोलीकडे वळू. या व्यवसायात सर्वांत कमी दिसणारे आणि सर्वांत अधिक कसोटीचे काम खोली लावणाऱ्यांचे आहे. आठ तासांच्या पाळीत एका व्यक्तीने साधारणतः १४ ते १६ खोल्या लावाव्यात असा दस्तूर आहे. माझ्या मजल्यावर नेमलेल्या बाई आपली ट्रॉली प्रथम दारात आडवी लावीत, जेणेकरून त्या आत असताना तिसरे कोणी खोलीत शिरू नये. मग चादर ओढून काढताना ती झटकीत, कारण पाहुण्यांचे चष्मे, कानातली, औषधाच्या गोळ्या चादरीच्या घडीत सापडतात. नवी चादर अंथरून तिचा कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडून त्या गादीखाली अशी खोचीत की रात्रभर कूस बदलली तरी ती सुटत नसे. उशीच्या अभ्र्याचे उघडे तोंड दाराच्या विरुद्ध दिशेला करीत, आत येणाऱ्याला शिवणीची सलग बाजूच दिसावी म्हणून. स्नानगृहातील भांड्याचे फडके, बेसिनचे फडके आणि आरशाचे फडके यांचे रंग निराळे होते आणि एकाचा उपयोग दुसऱ्याला होत नसे. एके दिवशी मी म्हणालो, “ताई, चादर आज नाही बदलली तरी चालेल.” तेव्हा त्या म्हणाल्या, “मग साहेब, ते हिरवं कार्ड पलंगावर ठेवा. नाहीतर सुपरवायझर मला विचारतील.” त्या एका वाक्यात साखळीच्या कारभाराचे सार आले आहे. येथे पाहुण्याची इच्छादेखील ठरलेल्या खुणेने नोंदवावी लागते, कारण काम करणाऱ्याच्या शब्दापेक्षा नोंदीवर विश्वास ठेवण्याची येथील वहिवाट आहे. परंतु तीच नोंद त्या बाईंना उद्या कोणी जाब विचारला तर ढालीसारखी उपयोगी पडते.

त्या चादरीच्या पाठीमागेही मोठा फेरा असतो. प्रत्येक पलंगामागे हॉटेलला चादरींचे किमान तीन जोड बाळगावे लागतात: एक पलंगावर, एक धुलाईत आणि एक फडताळात. पावसाळ्यात धुलाईची गाडी तुंबलेल्या रस्त्यात अडकली की हा साठा पुरत नाही, म्हणून शहाणा व्यवस्थापक चौथाही जोड ठेवतो. दाराच्या किल्लीचीही अशीच कथा आहे. नॉर्वेचे टोर सोर्नेस यांनी १९७० च्या दशकात संकेत बदलता येणारे किल्लीकार्ड शोधून काढले, त्यापूर्वी हरवलेली धातूची किल्ली कोणाच्या हाती लागेल याचा भरवसा नसे. आता पाहुणा बदलला की कुलुपाचा संकेतही बदलतो, आणि जुने कार्ड निकामी होते.

आठवडा हे या हॉटेलांचे खरे कालमान आहे. त्यांचे सगळे पाहुणे विमानातून उतरत नाहीत. १९७३ साली स्थापन झालेले सीप्झचे निर्यात क्षेत्र आणि मरोळची औद्योगिक वसाहत येथून जवळ असल्याने यंत्रे बसवायला आलेले अभियंते, लेखापरीक्षक, प्रशिक्षणार्थी यांचा ओघ सोमवारी सुरू होतो आणि शुक्रवारी ओसरतो. शनिवार-रविवारी त्यांची जागा लग्नाची वऱ्हाडे आणि परदेशी जाणाऱ्या मुलांना निरोप देण्यास आलेली कुटुंबे घेतात. भाडेही याच भरती-ओहोटीप्रमाणे चढते-उतरते. १९८० च्या दशकात अमेरिकन विमान कंपन्यांनी मागणीनुसार तिकिटाचा दर रोज बदलण्याचे शास्त्र विकसित केले, आणि हॉटेलांनी ते उचलले, कारण रिकामे आसन व रिकामी खोली यांचा धर्म एकच: आजची विकली गेली नाही तर ती उद्यासाठी शिल्लक राहत नाही. ज्यांना सलग आठवडा राहावयाचे आहे त्यांनी म्हणूनच दिवसाचा दर न विचारता पूर्ण मुक्कामाचा दर विचारावा, न्याहारी आणि कर त्यात धरले आहेत की नाहीत याची खात्री करून घ्यावी, आणि धावपट्टीच्या विरुद्ध अंगाची खोली मागावी.

विमान चुकले किंवा रद्द झाले तर याच हॉटेलांना एकाएकी आश्रयस्थानाचे रूप येते. आपल्याकडील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे उड्डाणास चोवीस तासांहून अधिक, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतील उड्डाणास सहा तासांहून अधिक विलंब होणार असेल, तर कंपनीने प्रवाशांच्या निवासाची सोय करावयाची असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि विमानतळ बंद ठेवावा लागला, तो प्रसंग ज्यांनी पाहिला त्यांना विमानतळाजवळच्या निवाऱ्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

अनोळखी माणसाला छपराखाली घेताना त्याची नोंद ठेवण्याचा रिवाजही सरायांइतकाच पुरातन आहे. ब्रिटिश अमदानीत १८६७ साली सराई कायदा होऊन सराईच्या चालकांना जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे सराईची नोंदणी करणे बंधनकारक झाले. आज परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारदफ्तरी पाठवावी लागते. दफ्तर कागदाचे होते ते संगणकाचे झाले, परंतु पांथस्थाच्या नावाची वहीत नोंद करण्याचे काम तेच राहिले.

अशा हॉटेलांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की त्यांना स्वतःचा चेहरा नसतो. अंधेरीतील खोली आणि दुसऱ्या कोणत्याही देशातील खोली यांत भेद करता येत नाही. आक्षेप खरा आहे. न्याहारीच्या मेजावरील पोहे आणि उपमा सोडले तर आपण महाराष्ट्रात आहोत याची आठवण त्या चार भिंतींच्या आत फारशी होत नाही, आणि मुक्काम लांबला की संध्याकाळी मरोळ नाक्यापर्यंत चालत जाऊन एखाद्या उडुपी हॉटेलात गरम रस्समवडा खाण्यात जो आनंद वाटतो तो त्या वातानुकूलित दालनात मिळत नाही. परंतु अपरात्री, परक्या शहरात, पाठीला दुखणे आणि मुलाला झोप आलेली असताना ज्याने हॉटेलचे दार ठोठावले आहे, त्याला चेहऱ्याची गरज नसते. त्याला शाश्वती हवी असते. मुंबईतील अनेक जुन्या धर्मशाळा एकेका ज्ञातीपुरत्या असत आणि उतरणाऱ्याला आपली जात व गाव सांगावे लागे. येथे ओळखपत्र आणि भाडे यांपलीकडे कोणी काही विचारीत नाही. स्टॅटलर आणि विल्सन यांनी घालून दिलेल्या या पद्धतीने मध्यमवर्गीय प्रवाशाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती लहान म्हणता येणार नाही.

मात्र ही शाश्वती भाडे मोजू शकणाऱ्यापुरतीच आहे, आणि येथेच सराईच्या जुन्या धर्माचा एक भाग अपुरा राहिला आहे. आखाती देशांत मजुरीला निघालेला रत्नागिरीचा किंवा उत्तरेकडचा तरुण आदल्या संध्याकाळीच सहारला येतो, कारण शेवटच्या एस.टी.वर वा गाडीवर भरवसा ठेवणे त्याला परवडत नाही. आणि मध्यरात्रीच्या विमानापर्यंतचा वेळ तो टर्मिनलबाहेर पेटीला टेकून, त्याला पोहोचवायला आलेल्या भावाबरोबर, पदपथावर काढतो. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या त्या यात्रेकरूंची हीच दशा पाहून. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आहे, आणि पनवेल-उलवे परिसरात आता साखळी-हॉटेले येतील यात शंका नाही. त्यांच्या बरोबरीने, स्वच्छ चादर, स्नानाची सोय आणि कुलूपबंद कपाट एवढेच देणारे, मजुराच्या खिशाला पेलेल अशा दराचे एक सार्वजनिक विश्रामगृह तेथे शासनाने आणि दानशूर विश्वस्त संस्थांनी मिळून उभारावे. भूखंडांची आखणी अजून चालू आहे. त्यांतील एक या कामासाठी आजच राखून ठेवावयास हवा.